मदत हवी आहे: जूनमधले ट्राउट, रटलंडचा जलाशय आणि डर्बीशरची वाय नदी

काठावरची

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये फ्लाय फिशिंग (किड्याची नक्कल, म्हणजे फ्लाय, गळाला लावून मासेमारी) करणारे इथे काही जण आहेत, म्हणून हा धागा. रटलंड वॉटरवर काठावरून आणि डर्बीशरमधल्या वाय नदीवर एकेका दिवसाचं तिकीट, असा बेत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चालू आहे. अडचणी अशा:

१. रटलंड: १० फुटी ७ नंबर रॉड, तरंगती लाइन, ९ फुटी लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा). टोकाला १२ नंबरचा काळा बझर, वर १४ नंबरचा डियाउल बाख (दोन्ही फ्लाय; नंबर गळाचा, आकडा मोठा तितका गळ लहान). लख्ख ऊन, पूर्वेचा हलका वारा. सकाळी दहा ते चार एकही मासा नाही, दोरीला अधूनमधून नुसता धक्का. संध्याकाळी समोर मासेच मासे वर येतात, पाण्यावर बारीक पांढरे किडे असतात, पण कुठलीच फ्लाय घेत नाहीत.

२. वाय: मेफ्लाय (पाण्यातून निघणारा रुंद पंखांचा किडा) उडते आहे. मासा फ्लायपर्यंत येतो, वीतभर अंतरावरून परत फिरतो. शिवाय चार-पाच कास्टमध्ये टिपेटला (लीडरच्या शेवटच्या बारीक भागाला) पीळ पडतो.

३. सोडलेला एक मासा कुशीवर कलंडला. हे टाळायचं कसं?

खंड्या

रटलंडचं सांगतो. तुमच्या फ्लाय बरोबर आहेत, खोली आणि वेग चुकतोय. बझर म्हणजे आपल्या चिलटांच्या जातीचा किडा. त्याचा कोष तळाच्या गाळातून सुटून अगदी संथ वर चढतो. ९ फुटी लीडरवर दोन फ्लाय लावून दोरी ओढत राहिलात तर त्या सतत वरच्या दोन-तीन फुटांत पळतात. भर उन्हात मासे त्याच्या खाली असतात. धक्के बसतात तेही ओढण्यामुळेच. मासा फ्लाय तोंडात घेतो, तेवढ्यात ती त्याच्या ओठातून निघून जाते.

लीडर असा बांधा. फ्लुओरोकार्बनचा दोरा, ६ ते ८ पौंडी. लाइनच्या टोकापासून पहिल्या ड्रॉपरपर्यंत (वरची फ्लाय बांधायच्या आखूड फाट्यापर्यंत) ६ फूट, तिथून दुसऱ्यापर्यंत ५ फूट, तिथून टोकापर्यंत आणखी ५. एकूण १६ फूट. टोकाला १० नंबरचा जड, इपॉक्सी लावलेला बझर, मध्ये १२ नंबर, वर तुमचाच डियाउल बाख. ड्रॉपर पाच-सहा इंचच ठेवा, लांब ठेवलात की मुख्य दोरीला गुंडाळतो. वॉटर नॉट तीन-चार वेढ्यांची, थुंकी लावून सावकाश ओढून घट्ट करा. गाठीतून दोन शेंड्या निघतात. फ्लाय बांधायची ती खाली, टोकाकडे तोंड असलेल्या शेंडीला, कारण ती वरून आलेल्या दोऱ्याचाच पुढचा भाग असते. वरच्या शेंडीला बांधलीत तर मोठा मासा गाठ उसवतो.

कास्ट करा आणि हात बांधून मोजा. पहिल्यांदा १० पर्यंत, पुढच्या कास्टला २०, मग ३०. कुठल्या आकड्याला मासा लागला तो लक्षात ठेवा आणि तिथेच रहा. फ्लाय बदलायची ती तिन्ही खोल्या तपासून झाल्यावर. दोरी ओढायची नाही, बोटांत आठच्या आकड्यात फक्त ढील गोळा करायची. रॉड लाइनच्या रेषेत सरळ धरू नका, जरा कोनात धरा. बझरला मासा लागतो तेव्हा लाइन नुसती ताणली जाते, आणि सरळ धरलेल्या रॉडवर ६ पौंडी फ्लुओरो तिथेच तुटतो.

जागा: हॅम्बल्टनचं भूशिर साधारण पूर्व-पश्चिम पसरलंय. पूर्वेचा वारा असेल आणि तुम्ही उजव्या हाताने कास्ट करत असाल तर भूशिराच्या दक्षिण काठावर उभ्या रहा. वारा डावीकडून येईल, फ्लाय अंगापासून लांब राहील, आणि लाइनला कमान पडून तिन्ही बझर आपोआप संथ वाहत जातील. बझरला याहून चांगली चाल हाताने देता येत नाही. पश्चिमेचा वारा असेल तर उत्तर काठ. वारा अगदी पडला आणि पाणी आरशासारखं झालं, तर दुपार सोडून द्या. पहाटे आणि सूर्य कलल्यावर या.

एक पर्याय पाणवनस्पतींच्या कडेचा. जूनमध्ये डॅम्झेलची, म्हणजे टाचणी या चतुरासारख्या किड्याची, पिल्लं पाण्याबाहेर पडायला काठाकडे पोहत येतात. १० नंबर लांब दांडीच्या गळावरचा हिरवट डॅम्झेल, पाच-सहा इंचांची संथ ओढ, मध्ये थांबा. इथे ओढलेलं चालतं, कारण तो किडा खरोखरच पोहतो.

काठावरची

धन्यवाद खंड्या, आकड्यांसकट सांगितलंत. संध्याकाळच्या पांढऱ्या किड्यांचं काय?

खंड्या

ते केनिस, अगदी बारीक मेफ्लाय. अंग तीन ते पाच मिलिमीटर, पंख पांढुरके. बाही नीट बघा: किडा बसतो, काही मिनिटांत कात टाकून उडतो, आणि कापडावर पांढरी पोकळ साल उरते. बाहीवर तशा साली दिसल्या की ओळखायचं.

पाण्यावर ते इतके असतात की मासा एकेक टिपत नाही, पृष्ठभागाखालून तोंड उघडं ठेवून सरळ रेषेत जातो. त्यामुळे फ्लायच्या नकलेपेक्षा ती टाकण्याची जागा मोठी. दोन-तीन वेळा वर आलेल्या माशाची रेषा पकडा आणि पुढच्या टप्प्याच्या यार्डभर अलीकडे फ्लाय ठेवा. सगळे ड्रॉपर काढून एकच फ्लाय. १८ किंवा २० नंबरची फिकट, नाहीतर १४ नंबरचा डियाउल बाख पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, रेंगाळत.

डोहतळ

वायबद्दल. ती चुनखडीच्या प्रदेशातली नदी, पाणी काचेसारखं. तिथले रेनबो ट्राउट नदीतच पैदा होतात, आणि इंग्लंडच्या नद्यांत हे विरळाच. असा मासा फ्लाय जवळून निरखतो. वीतभर अंतरावरून फिरला म्हणजे फ्लाय पसंत पडली होती, शेवटच्या क्षणी ओढ पडली. ओढ म्हणजे लाइन वेगळ्या धारेत सापडून फ्लाय पाण्याहून वेगळ्या वेगाने सरकणं. आपल्याला ती दिसतही नाही.

उपाय उभं राहण्याच्या जागेतच आहे. माशाच्या मागून, जरा बाजूने या, म्हणजे लाइन आणि फ्लाय एकाच धारेत पडतील. मध्ये वेगळी धार असेलच तर कास्टच्या शेवटी, लाइन पाण्यावर टेकण्याआधी, रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकवा. ढील मिळते, तीन-चार फूट मोकळा प्रवास मिळतो. तेवढा पुरतो.

दुसरं कारण तरंगणारं टिपेट. उन्हात त्याची सावली तळावर दोरखंडासारखी दिसते. शेवटचा हातभर भाग बुडायला हवा. त्यासाठी लागतं ते आपल्या घरात असतंच: मुलतानी माती, भांडी घासायचं लिक्विड, थोडं ग्लिसरीन. शिऱ्याइतकं घट्ट कालवून छोट्या डबीत भरा आणि चिमटीने टिपेटवर ओढा. फ्लायला मात्र लावू नका, तिच्यासाठी तरंगवणारं जेल, तांदळाच्या दाण्याएवढं, ती पाण्याला लागायच्या आधी. मासा सोडल्यावर फ्लाय धुवा, टिपा, मगच पुन्हा जेल.

पिळाचं कारण टिपेट बारीक आणि फ्लाय मोठी. मेफ्लायचे रुंद पंख हवेत पंख्यासारखे फिरतात. ५एक्स, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, याला पुरत नाही. ४एक्स, ०.१८ मिलिमीटर, तीन फूट लावा. बाजूला आलेले पंख कातरून थोडे कमी करा, आणि कास्ट जरा सैल, मोठ्या वळणाची. फ्लाय घेतल्यावर लगेच झटका नको. मासा तोंड मिटून खाली वळू दे, मग रॉड उचला.

आणि संध्याकाळी उभ्या पंखांची फ्लाय चालेनाशी झाली तर पाण्यावर बघा. अंडी घालून मेलेल्या माद्या पंख पसरून सपाट पडलेल्या असतात. मासे तेव्हा निवांत, हलकेच ओठ लावतात. तेव्हा सपाट पंखांची स्पेंट मेफ्लायच हवी.

पाणथळ

तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष नको, उन्हाळ्यात तोच पहिला. थर्मामीटर हातभर खोल, सावलीत, दोन मिनिटं. पाणी १८ अंशांच्या वर गेलं तर सकाळीच आटपा, २० ला रॉड गुंडाळा. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९.१, आणि माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढलेली असते. दमलेला मासा अशा पाण्यात सोडल्यावर सावरत नाही.

नदीच्या संथ, वनस्पतींनी भरलेल्या पट्ट्यात आणखी एक पेच. रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटे पाणी सर्वांत थंड असूनही ऑक्सिजन सर्वांत कमी असू शकतो. उष्णतेच्या लाटेत तो पट्टा सोडून खळाळाच्या खालचं पाणी निवडा.

मासा लवकर आणा, फार बारीक टिपेट लावून दमवत बसू नका. बिनकाट्याचा गळ, ओले हात, रबरी जाळं, गळ काढायचा तो पाण्यातच. नदीत तोंड प्रवाहाकडे करून जाळ्यात धरून ठेवा, स्वतः शेपटी मारेपर्यंत. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. जलाशयात नुसता सरळ, स्थिर धरा. तिकिटावर मासा ठेवायची मुभा असेल आणि तो सावरत नसेल, तर न सोडता घरी नेलेला बरा.

काठावरची

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: शनिवारी रटलंड आणि रविवारी वाय, तेच वेडर (पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख) घालून चालेल?

पाणथळ

ओल्या वेडरने मुळीच नाही. २०१० मध्ये ग्रॅफम वॉटर या दुसऱ्या जलाशयात किलर श्रिम्प ही परकी, उपद्रवी, कोळंबीसारखी जात सापडली. ओलसर सामानातून असे जीव एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. बुटांच्या शिवणी, जाळ्याचे कोपरे तपासा, गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. एका रात्रीत फेल्टचे तळ वाळत नाहीत, त्यामुळे रबरी तळ घ्या, नाहीतर रविवारी दुसरं जाळं आणि दुसरे बूट. वायला बऱ्याच ठिकाणी काठावरूनही भागतं. रॉड लायसन्सही (मासेमारीचा सरकारी परवाना) जवळ असू द्या, दोन्हीकडच्या तिकिटांत ते धरलेलं नसतं.