हिरो बाहेर कसा वागतो, त्याने तुमची फायटिंगची मजा जाते का?

गेल्या रविवारी आमच्याकडे रिमोटवरून भांडण झालं. टीव्हीवर एक जुना मारधाडीचा पिक्चर लागला होता, बाबा खुर्चीच्या काठावर येऊन बघत होते. धाकटी बहीण आली आणि म्हणाली, "हा माणूस बाहेर कसा वागतो माहितीये ना? बंद करा." बाबा म्हणाले, "अगं, तो तिकडे गुंडांना मारतोय. तुला कुठे मारतोय?" दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला उठलो.

नंतर वाटलं, बहीण चूक नाही. रडक्या पिक्चरमधला नट घरी कसा आहे हे मी दहा मिनिटांत विसरतो. मारधाडीत तसं होत नाही. तिथली सगळी गंमतच हे खोटं आहे यावर चालते. ठोसा हनुवटीपासून वीतभर लांबून जातो, आवाज नंतर भरतात, पडणाऱ्याच्या खाली गादी असते. म्हणून तर दहा जण लोळले तरी आपण निवांत समोसा खातो. पण तोच हात घरी किंवा सेटवर खरोखर उठतो हे कळलं की समोसा हातातच राहतो. निदान माझा तरी.

तुमचं काय होतं? मतं नकोत, अनुभव लिहा: कुठल्या थिएटरात, कोणाबरोबर. आणि ऐकीव गोष्ट असेल तर नाव घालू नका.

दादर

12 मार्च 1993 ला मी अकरावीत होतो. बारा स्फोट, 257 माणसं गेली. त्यातला एक प्लाझाला. प्लाझा म्हणजे आमचं घरचं थिएटर, शाळा बुडवून जायचं ठिकाण. एप्रिलमध्ये संजय दत्तला अटक झाली आणि ऑगस्टमध्ये 'खलनायक' लागला. सगळी गल्ली गेली, मी नाही गेलो. मित्र म्हणाले, येडा आहेस का, गाणी बघ. कोर्टाने पुढे त्याला कटाच्या आरोपातून सोडलं, बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल दोषी धरलं, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच वर्षं दिली आणि 2016 च्या फेब्रुवारीत तो येरवड्यातून बाहेर आला. हे सगळं मला तारखांसकट पाठ आहे, यावरून काय ते समजा.

आता खरं सांगतो. 2003 मध्ये त्याच्याच 'मुन्नाभाई'ला मी पोट धरून हसलो, दोनदा गेलो. पण त्याच्या हातात पडद्यावर बंदूक आली की आजही चॅनल बदलतो. डॉक्टरचा कोट चालतो, बंदूक चालत नाही. यात तर्क शोधू नका, बायकोने शोधून झालाय.

लालबाग

भारतमाताला शिट्टी मारायला जातो, चारित्र्याचा दाखला तपासायला नाही. पुढचा बोला.

गोरेगाव पूर्व

बावीस वर्षं लाइटला आहे. फिल्मसिटीत एका फाइटचं शूट होतं. हिरो अनाथ पोराला गुंडांच्या तावडीतून सोडवतो, असा सीन. मधल्या वेळात स्पॉटच्या पोराने आणलेली कॉफी गार निघाली म्हणून हिरोने त्याच्या कानाखाली वाजवली. पोरगं असेल अठरा-एकोणीसचं. सगळा फ्लोर गप्प. फाइट मास्टर वर केबलकडे बघत उभे राहिले, मी माझ्या लाइटकडे. कोणी काही बोललं नाही. मीही नाही, ते आधी लिहितो. दहा मिनिटांनी "रोल" झालं आणि साहेबांनी अनाथ पोराला छातीशी धरलं. एका टेकमध्ये ओके.

पिक्चर लागला तेव्हा लेकीच्या हट्टामुळे गेलो. त्याच सीनला पूर्ण थिएटर टाळ्या वाजवत होतं, लेकही. पिक्चरमधल्या ठोशाचा आवाज ढोलासारखा असतो. खऱ्या थपडेचा बारीक असतो, "चट्", बस. मला तेवढाच ऐकू येत होता. लेकीला काही सांगितलं नाही. नाव विचारू नका, मला अजून काम करायचंय.

मुलुंड

आमच्या लहानपणी केबलवर जॅकी चॅन म्हणजे देव. पिक्चर संपल्यावर नावांबरोबर त्याचे फसलेले स्टंट दाखवायचे. आपटतोय, रक्त निघतंय, हसतोय. आम्ही भाऊ तेवढ्यासाठी शेवटपर्यंत बसायचो. तो खोटं मारत नाही, खरं पडतो, हेच त्याचं मोठेपण वाटायचं.

मग 2018 मध्ये त्याचं आत्मचरित्र इंग्रजीत आलं. त्यात त्यानेच कबूल केलंय की मुलगा लहान असताना रागाच्या भरात त्याला एका हाताने उचलून फेकलं होतं. मी वाचलं तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता, मांडीवरच होता. आता तो आठ वर्षांचा आहे आणि जॅकीच्या शिडीच्या मारामाऱ्या बघून खिदळतो. मी पण बघतो. फक्त त्याने कोणाला उचललं की माझं लक्ष मारामारीवरून उडतं.

गिरगाव

वय 71. तुम्ही सगळे उलट्या बाजूने विचार करताय. 'कुली'च्या शूटिंगमध्ये 26 जुलै 1982 ला बंगलोरला अमिताभला लागलं, मग इथे ब्रीच कँडीत आणलं. आमच्या चाळीत एरवी नवऱ्याच्या आजारपणात उपास न धरणाऱ्या बायकांनी उपास धरले! ज्याच्या हातून लागलं तो पुनीत इस्सर, बिचारा नवीन होता. त्याने काही मुद्दाम केलं नव्हतं, पण लोकांनी त्याला शिव्याशाप दिले. आमच्या घरातही. 1983 मध्ये पिक्चर बघायला गेलो, तर तो ठोसा येतो तिथे चित्र थांबवून पाटी दाखवली. सगळं थिएटर चिडीचूप. आमच्या ह्यांनी माझा हात धरला, तोही भर थिएटरात. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. पुढची फायटिंग काय झाली मला आठवत नाही.

त्याच पिक्चरमध्ये निळूभाऊ फुलेही होते. माझी जाऊ त्यांना पडद्यावर बघूनच बोटं मोडायची. हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा, साधा, सज्जन, हे मी तिला दहा वेळा सांगितलं. म्हणायची, "असेल. पण नजर बघा मेल्याची." चांगल्या वागण्याचा पडद्यावर उपयोग होत नाही, हे मी तिच्याकडून शिकले. मग वाईट वागण्याचाच एवढा बाऊ का?

मालाड, मालवणी

वरचं सगळं वाचलं. तुम्ही ज्याच्या ठोशावर भांडताय, तो पुष्कळदा हिरोचा नसतोच. माझे मिस्टर फायटर आहेत. काचेतून जाणारी पाठ त्यांची, जिन्यावरून घरंगळणारा तोही तेच. 'शोले'त हेमा मालिनीच्या जागी टांग्यावर रेश्मा पठाण होत्या, हे किती जणांना माहितीये?

हिरो कसा वागतो याने आम्हाला फरक पडतो, पण तुमच्यासारखा नाही. रिटेक मागताना समोरच्याला पाणी विचारतो का, गादी नीट लावली का बघतो का, तेवढं. 2017 मध्ये अक्षय कुमारने फायटर लोकांसाठी विम्याची योजना सुरू करवली, तेव्हापासून आमच्या घरात त्याचा कितीही पडेल पिक्चर अर्ध्यात बंद होत नाही. झोप आली तरी.

आणि एक हिरो आहे, ज्याने ह्यांना ठरलेल्यापेक्षा जोरात मारलं आणि सॉरीसुद्धा म्हटलं नाही. बरगडीला तडा, तीन आठवडे घरी. त्याचा पिक्चर टीव्हीवर लागला की मला बंद करायचा असतो. पण पोरगा सोडत नाही. तो सोफ्यावर उभा राहतो, पॉज करतो आणि ओरडतो, "आई, हे बघ, विग सरकलाय. पप्पाच!"