मीठ अळणी होतं कसं?

एकाने विचारलंय, मीठ कधी बेचव होत नाही, मग बायबलमध्ये मत्तय 5:13 ला (‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ हे येशूचं वचन) खारटपणा जाण्याची भाषा का? मला पटणारं उत्तर असं: मृत समुद्राकाठचं मीठ शुद्ध नव्हतं. त्यात जिप्सम, माती असे. ओल लागली की खारट अंश विरघळून जाई आणि पांढरा गाळ उरे. दिसायला मीठच.

संडे स्कूलमध्ये हे करून दाखवता येतं. 2 मोठे चमचे मीठ, तेवढीच पांढरी रांगोळी. धोतराच्या दुहेरी फडक्यात ठेवून अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. खाली उतरेल ते खारट पाणी, वर उरेल ते दगडाचं पीठ (ते मुलांना चाखू देऊ नका). फडकं विरळ असेल तर रांगोळीही उतरते. पाणी घाईने ओतलं तर कडेने निघून जातं नि मीठ मधेच राहतं.

लूक 14:35 (बेचव मीठ ना जमिनीच्या कामाचं, ना उकिरड्याच्या) मात्र आपल्याकडे अडतं. जायकवाडीच्या कालव्याखालची खारपड रानं पाहिलेला शेतकरी विचारणारच, मीठ जमिनीला घालायचंच कशाला? काही अभ्यासकांच्या मते तेव्हा ते थोडंसं खतात मिसळत.

वचनातल्या मिठाचा अर्थ ‘फक्त टिकवणं’ असा लावणंही अपुरं आहे. लेवीय 2 मध्ये खमीर आणि मध अग्नीत अर्पायला मनाई आहे, पण प्रत्येक अन्नार्पणात मीठ हवंच. गणना 18:19 मधला देवाचा ‘मिठाचा करार’ कायमचा. प्रवचन चवीपेक्षा इथून सुरू करावं.