उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची तपासणी सक्तीची करावी का?

कर्वेनगरी
न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली इमारतीचा तुकडा निखळून फुटपाथवरची एक कॉलेजातली मुलगी गेली. पुढच्याच वर्षी कायदा आला. आज तिथे सहा मजल्यांहून उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंती दर ५ वर्षांनी तपासून अहवाल द्यावाच लागतो. सिंगापूरनेही २०२२ पासून १३ मीटरहून उंच आणि २० वर्षांहून जुन्या इमारतींना दर ७ वर्षांनी तपासणी लावली.
आपल्याकडे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, आहे, ३० नंतर दर ३ वर्षांनी. पण आमचा ऑडिटर पार्किंगमधले कॉलम बघतो, गच्चीवर जातो, आणि बाहेरची भिंत? खालून मान वर करून. आठव्या मजल्यावरच्या छज्ज्याचं प्लास्टर सुटलंय हे असं कळतं होय? दोरांनी टांगलेल्या झुल्यावरून जवळ जाऊन तपासणी सक्तीची करा आणि अहवाल महापालिकेत जमा करा.

वैतागलेला खजिनदार
करा, करा. पैसे कोण देणार? सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत, लिफ्ट बदलण्यापुरतेही नाहीत, आणि मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढवला की वार्षिक सभेत माझंच ऑडिट होतं. न्यूयॉर्कचंही अर्धंच सांगितलंत. तिथे दुरुस्तीपेक्षा फुटपाथवरचा संरक्षक मांडव परवडतो, म्हणून मालक तो वर्षानुवर्षे हलवत नाहीत. आपल्याकडे गणपतीचे मांडव वेळेत निघत नाहीत, हे कोण काढणार?

साइटवाला
खजिनदारसाहेब, झुले तुम्ही लावताच की, रंगकामाला. तेव्हाच ठोकून घ्या. सुटलेलं प्लास्टर हातोडीखाली भद्द वाजतं, पाच मिनिटांत कळतं. बाहेर खरी वाट लागते ती छोट्या गोष्टींनी. एसीच्या ब्रॅकेटसाठी पाडलेल्या भोकातून पाणी शिरतं, सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. ड्राय बाल्कनीच्या पाइपामागे पिंपळ उगवतो. सेक्रेटरी दरवर्षी फांदी छाटतात, मूळ मजेत वाढतं.

वैतागलेला खजिनदार
हे पटतं. मग सक्ती कशाला? रंगवाल्याला सांगतो ठोकायला.

साइटवाला
रंगवाला पोकळीवर पुट्टी मारून मोकळा होतो. ज्याला रंगाचं बिल काढायचंय तो 'आधी प्लास्टर काढा' कशाला म्हणेल? ठोकणारा वेगळा हवा, आणि त्याची सही हवी.

बाणेर_अपार्टमेंट
आणि उपविधी सोसायट्यांना. पुण्यात सोसायटी नसलेली, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची अपार्टमेंटं ढिगाने आहेत, त्यांचं काय? महापालिका कायद्यातला इमारतीच्या मजबुतीचा दाखला ३० वर्षांनंतरचा. आमची बिल्डिंग बावीस वर्षांची, दर्शनी भागाच्या टाइल्स पावसाळ्यात सुटतात, खाली रिक्षा स्टँड. चेअरमन म्हणतात, 'रीडेव्हलपमेंटला जाणारच आहोत, खर्च कशाला?' बिल्डर अजून ठरलेला नाही. सक्ती नसेल तर या माणसाला कोण हलवणार, खजिनदारकाका?