भास नव्हे, म्युऑन बघा

सापेक्षता सिद्धांतात एकमेकांच्या तुलनेत वेगाने जाणाऱ्या 'दोघांनाही एकमेकांचं घड्याळ मंद दिसतं, म्हणजे काळ मंदावणं हा नुसता भास' हे म्हणणं मला पटत नाही. रंकाळ्यावर उभं राहून तळवा आडवा धरा, सेकंदाला साधारण एक म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखा, पण जड आणि अल्पायुषी कण) त्यातून आरपार जातो. हे कण तयार होतात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, आणि सरासरी आयुष्य फक्त २.२ मायक्रोसेकंद! तेवढ्यात प्रकाशही जेमतेम ६६० मीटर जातो. पण प्रकाशाच्या ०.९९८ पट वेगाने येणाऱ्या म्युऑनचं आयुष्य आपल्या घड्याळात जवळपास १६ पट लांबतं, म्हणून त्यातले बरेच खालपर्यंत पोचतात. त्याच्या बाजूने बघाल तर मंद आहे ते आपलं घड्याळ. त्याचं आयुष्य २.२च, मात्र ते १५ किलोमीटर आकसून एका किलोमीटरच्या आत येतात. कण तळव्यापर्यंत पोचला, हे दोन्हीकडून खरंच. मतभेद उरतो तो एकमेकींपासून लांब असलेल्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, यावर.