गांजाच्या मॅपिंगमध्ये जीन एक का दोन?

शाळू_एमएस्सी
सोलापुरात एमएस्सी अ‍ॅग्रीला आहे, सेमिनारला टॉपिक आलाय गांजा-हेम्पचं (हेम्प म्हणजे कमी नशेचा गांजा) जेनेटिक मॅपिंग, म्हणजे कुठला जीन क्रोमोसोमवर कुठं ते शोधणं. घरी सांगितलं तर वडील म्हणतेत ज्वारी संपली काय रे 😅 अडलंय असं की २००३ च्या पेपरात टीएचसीवालं (नशेचं द्रव्य) आणि सीबीडीवालं (बिननशेचं) झाड क्रॉस केलं, एफ-टू ला, म्हणजे दुसऱ्या पिढीत, टीएचसीवाले : दोन्हीवाले : सीबीडीवाले १:२:१ आलं, म्हणजे एकच लोकस (क्रोमोसोमवरची जागा), त्याला बी म्हणलेत. आणि नंतरचे जीनोमवाले म्हणतेत टीएचसीए सिंथेज नि सीबीडीए सिंथेज (टीएचसी-सीबीडीची आम्लरूपं बनवणारी एन्झाइम) हे वेगवेगळे जीन. मग रेशो बसतो कसा? आणि नर-मादी झाडं वेगळी असताना सेल्फिंग (झाडाचा स्वतःशीच संकर) कसं करतेत?

वेलवर्गीय
सेल्फिंगचं सोपंय. सिल्व्हर थायोसल्फेटनं इथिलिन या झाडातल्या हार्मोनचं काम अडतं, मादी झाडाला नर फुलं येतेत. काकडीच्या गायनोशियस (फक्त मादी फुलांच्या) लाइन चांदीचं मीठ मारून टिकवतेत, तेच हे. फक्त त्या परागात नराचा वाय क्रोमोसोम नसतो, सगळी पोरं एक्सएक्स, म्हणून असल्या एफ-टू मधून लिंगाचं मॅपिंग होत नाही, त्याला खरा नर घेऊनच क्रॉस करावा लागतो.

गणप्या_पंढरपूर
काय बे, प्लॉट टाकतो काय? २०२१ ला मोहोळकडच्या एकानं कलेक्टरला गांजाची परवानगी मागितलेली, तसलं काय करू नको 😂

मार्करवाला
१:२:१ वरून कळतं किती तुकडे वेगळे होतेत, तुकड्यात जीन किती ते नाही कळत. दोन्ही सिंथेज एकाच भागात आहेत आणि भोवती रेट्रोट्रान्सपोझॉनचा (स्वतःच्या नकला करत पसरणारा डीएनए) नुसता कचरा, तिथं रिकॉम्बिनेशन (क्रोमोसोमांची तुकडे-अदलाबदल) जवळपास होतच नाही, मग अख्खा तुकडा एकगठ्ठा खाली जातो आणि आपल्याला एकाच जीनचे दोन अ‍ॅलील (प्रकार) असल्यासारखं दिसतं. गांजाच्या जीनोमचा २०११ चा पहिला ड्राफ्ट तुकड्या-तुकड्याचा होता, हे जमलं लाँग-रीड (डीएनएचे लांब तुकडे एकदम वाचणं) आल्यावर.
आणि बी लोकस फक्त टीएचसी-सीबीडीचं प्रमाण ठरवतो, एकूण किती बनणार ते वेगळे क्यूटीएल (मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणाऱ्या जागा). इथंच ब्रीडर फसतो. सीबीडीए सिंथेज थोडं टीएचसीए पण बनवतं, त्यामुळं सीबीडी वाढवत नेलं की उत्तराखंडची हेम्पमधल्या टीएचसीची ०.३ टक्क्याची मर्यादा ओलांडायची भीती.

शाळू_एमएस्सी
भारी सर! वडलांसाठी एक स्लाइड शाळूवर (रब्बी ज्वारी) टाकू काय?

मार्करवाला
टाक की, गांजा नि ज्वारी दोन्हीकडं २एन = २० च (क्रोमोसोम वीसच) आहे. ज्वारीच्या बी-३५ लाइनचे स्टे-ग्रीनचे (दुष्काळातही पानं हिरवी राहणं) चार क्यूटीएल घे, आणि ज्वारी आपोआप सेल्फ होते म्हणून तिथं आरआयएल पॉप्युलेशन (पिढ्यान्‌पिढ्या सेल्फ करून स्थिर केलेल्या लाइनी) किती सोपं जातं ते दाखव.