नागरिक मंचाने उमेदवार द्यावा, की उमेदवारांना प्रश्न विचारावेत?

रिकामी खुर्ची (चर्चाप्रस्ताव):
मुंबईच्या उपनगरातील आमच्या नागरिक मंचात सध्या दोन तट पडले आहेत. महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत मंचाने स्वतःचा उमेदवार उभा करावा, असे एका गटाचे म्हणणे आहे. माझा त्याला विरोध आहे.

मागे एका निवडणुकीच्या वेळी आम्ही प्रभागातील सर्व उमेदवारांना सोसायटीच्या सभागृहात एकत्र बोलावले होते. टेबलावर प्रत्येकाच्या नावाची पाटी होती, बोलायला दहा मिनिटे होती आणि दारात प्रतिज्ञापत्रांच्या झेरॉक्स ठेवल्या होत्या. एक उमेदवार आलाच नाही. त्याची पाटी आणि खुर्ची आम्ही शेवटपर्यंत हलवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला, ‘माझी खुर्ची उचलली का नाही?’ आम्ही कोणाचेच नव्हतो म्हणून ती खुर्ची त्याला टोचली. शेजारी आमचा माणूस बसला असता, तर विरोधकांची सभा म्हणून त्याने ती सोडून दिली असती.

त्या झेरॉक्ससुद्धा अशाच तटस्थ कामातून आलेल्या आहेत. अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ न्यायालयात गेली, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करण्याचा निकाल दिला, आणि संसदेने कायद्यात बदल करून तो बोथट केल्यावर न्यायालयाने २००३ मध्ये ती तरतूदच रद्द केली. ही संस्था स्वतः निवडणूक लढवत असती, तर तिच्या हेतूवर पहिल्याच दिवशी बोट ठेवले गेले असते.

जुहूकर:
आपला मुद्दा समजला, पण पटला नाही. २००७ मध्ये जुहूच्या प्रभाग ६३ मधून अडॉल्फ डिसोझा नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले, तेव्हा पक्षाच्या तिकिटाशिवायही महापालिकेच्या सभागृहात जाता येते हे या शहराने पाहिले. बाहेर उभे राहून किती वर्षे प्रश्न विचारायचे? ‘प्रजा’ ही संस्था नगरसेवकांचे प्रगतिपुस्तक काढते. रस्ते आणि चौकांच्या नामकरणावरच किती प्रश्न विचारले जातात, हे तिच्या अहवालांत वारंवार आले आहे. ते वाचून आपण हसतो, आणि नामकरणाचे ठराव मात्र मंजूर होत राहतात.

एक साधी विचारणा. ज्याची खुर्ची रिकामी राहिली, तो उमेदवार निवडून आला की पडला?

घाटकोपरवासी:
दोघांशीही माझा मतभेद आहे, कारण ‘नागरिक’ म्हणजे कोण, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. आमच्याकडच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी कचरा वेगळा करायला सुरुवात केली आणि १९९७ च्या सुमारास महापालिकेने त्यातून प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे एएलएम, ही योजना उभी केली. काम चांगलेच होते. मात्र इमारतीतला रहिवासी ‘व्यवस्थापन’ करतो आणि झोपडपट्टीसाठीच्या योजनेचे नाव ‘दत्तक वस्ती’, हा फरक कोणाला खटकला नाही! सोसायटीच्या सभागृहातील त्या सभेला वस्तीतून किती जण आले होते? फेरीवाले हटवा, असा अर्ज करणारे आणि त्याच फेरीवाल्याकडून संध्याकाळी भाजी घेणारे बहुतेक वेळा एकच असतात. अशा मंचाने उमेदवार दिला काय आणि न दिला काय, वस्तीसाठी तो पक्षविरहित नसतो. तो फक्त इमारतीवाल्यांचा पक्ष असतो.

रिकामी खुर्ची:
जुहूकर, तोच निवडून आला, आणि चांगल्या मतांनी आला. हे मूळ लेखनात सांगायला हवे होते.

तरीही जुहूचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही. २०१२ मध्ये ‘मुंबई २२७’ या नावाने सगळ्या शहरासाठी नागरिकांचे उमेदवार शोधण्याचा प्रयत्न झाला, पण जुहूसारखे यश शहरभर पसरले नाही. शिवाय नगरसेवक झाल्यावर आपल्याच माणसाच्या चुकीवर बोट ठेवण्याचे काम मंचातील कोण करणार?

घाटकोपरवासींच्या प्रश्नाचे उत्तर ‘वस्तीतून फक्त चार जण’ असे आहे. त्यातल्या एक ताई शेवटी उठल्या आणि पाणी पहाटे साडेतीनऐवजी पाचला येईल का, एवढेच त्यांनी विचारले. व्यासपीठावरच्या एकालाही ते पाणी साडेतीनला येते हे ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

जुहूकर:
मग मधला मार्ग कायद्यातच आहे. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. अडचण एवढीच की नेमणूक नगरसेवकांच्या हाती असते, त्यामुळे नावे त्यांच्याच ओळखीतली निघतात किंवा जागा रिकाम्याच राहतात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता, तेव्हा तर विचारायला नगरसेवकही नव्हते. उमेदवार देण्याचा माझा आग्रह मी सोडत नाही, पण या तीन जागांसाठी मंचाने आजच अर्ज करावा आणि त्यात पहिले नाव पाण्याची वेळ विचारणाऱ्या ताईंचे असावे.

घाटकोपरवासी:
त्यांना आधी विचारा. समितीची बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, तर त्यांची दोन घरची धुणीभांडी बुडतील.