धोका नसेल तर शर्यत कसली, असे म्हणणाऱ्यांना

तिसरा गिअर:
काल ‘पहिली रांग’ यांनी लिहिले की हेलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची धातूची संरक्षक कमान, आल्यापासून फॉर्म्युला वनमध्ये राम राहिलेला नाही, चालक धोका पत्करूनच गाडीत बसतो, आणि भाजलेल्या चेहऱ्यानिशी ४२ दिवसांत परतलेल्या निकी लाउडापुढे आजची मंडळी फार नाजूक आहेत. दोन ओळींत उत्तर देऊन विषय सोडणार होतो, पण ते ‘नाजूक’ रात्रभर डोक्यातून गेले नाही.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या शर्यतीत पहिल्याच फेरीला रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता. गाडीचे दोन तुकडे झाले, मागचा भाग अलीकडे राहिला आणि पुढचा भाग चालकासकट कठड्याचे पत्रे फाडून घुसला व पेटला. ते पत्रे नेमके त्याच्या डोक्याच्या उंचीवर होते आणि हेलोने ते बाजूला सारले. त्याचा डावा पाय अडकला होता. बूट आतच सोडून त्याने पाय ओढून काढला आणि सुमारे २८ सेकंदांनी तो ज्वाळांतून बाहेर आला. हात भाजले, पण माणूस जिवंत राहिला. हाच ग्रोजाँ पूर्वी हेलोच्या विरोधात होता, आणि मत बदलल्याचे त्याने रुग्णालयातूनच सांगितले.

मी अकरा वर्षे मोटार रॅलींमध्ये मार्शल म्हणून, म्हणजे अपघात झाल्यास मदतीला धावणारा माणूस म्हणून, उभा राहिलो आहे. एकदा एक गाडी ओढ्यात उलटी पडली आणि चालक पट्ट्यांना लटकलेला होता. अशा वेळी बकल दाबून उपयोग नसतो, कारण सगळे वजन पट्ट्यावर आलेले असते, आणि सुटलाच तर माणूस मानेवर आपटतो. म्हणून एकाने खांद्याखाली हात घालून त्याला वर उचलून धरायचे आणि दुसऱ्याने पट्टा सोडायचा. मी खांदा धरून होतो. पेट्रोल माझ्या बाहीवर थेंबाथेंबाने पडत होते आणि तो माणूस मला सारखे विचारत होता, ‘पेटली का?’ त्या दिवसापासून ‘धोका हीच खेळाची मजा’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

पहिली रांग:
आपल्या अनुभवाचा मान राखून लिहितो. मी ही शर्यत त्या काळापासून पाहतो, नव्हे वाचतो, जेव्हा निकाल तीन दिवसांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींत येत असे. कोणी मरावे असे मी कुठेही लिहिलेले नाही आणि तसे सुचवणे अन्यायाचे आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वी वळणावर चूक झाली की गाडी वाळूत रुतत असे आणि शर्यत तिथेच संपत असे. आता वळणाबाहेर डांबराचे मैदान पसरलेले असते, चालक तिथून फिरून परत येतो आणि एक जागासुद्धा गमावत नाही. कौशल्याची किंमत त्यामुळे उतरली आहे. हेलोचे म्हणाल तर तो डोळ्यांना खुपतो, हे मी आजही म्हणेन.

लाउडाविषयीचा एक शब्दही मी मागे घेणार नाही. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर तो जळाला, धर्मगुरूने त्याच्यासाठी अखेरची प्रार्थना म्हटली, आणि १२ सप्टेंबरला इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत तो चौथा आला. तो निर्णय त्याचा होता.

सांधेजोड:
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लाउडाचे हे उदाहरण मला दर आठवड्याला एखाद्या तरी खेळाडूकडून ऐकावे लागते, म्हणून मुद्दाम लिहिते. ४२ दिवस हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्या मागेपुढे काय होते ते कोणी सांगत नाही. मोंझाला त्याच्या जखमांवरच्या पट्ट्या रक्ताने भिजल्या होत्या. आपण त्या वेळी भीतीने गारठलो होतो, हे त्याने नंतर स्वतः मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानच्या फुजी ट्रॅकवर मुसळधार पावसात तो दोन फेऱ्यांनंतर गाडीतून उतरला आणि जगज्जेतेपद एका गुणाने जेम्स हंटकडे गेले. थांबण्याचा हा निर्णयही त्याचाच होता, मग तुमच्या यादीत तो का नाही?

आता दुसरे उदाहरण घ्या. मोटारीचे नाही, दुचाकीचे आहे, पण हाड तेच असते. १९ जुलै २०२० रोजी स्पेनमधल्या हेरेझला मोटारसायकल शर्यतींचा जगज्जेता मार्क मार्केझ याचा उजवा दंड मोडला. २१ तारखेला शस्त्रक्रियेने हाडावर धातूची प्लेट बसवली आणि २५ तारखेला तो पुन्हा मोटारसायकलवर होता, तोही वैद्यकीय परवानगी घेऊन. पुढे घरी एक सरकते दार उघडताना ती प्लेट तुटली. ऑगस्टमध्ये दुसरी शस्त्रक्रिया, डिसेंबरमध्ये तिसरी, जून २०२२ मध्ये चौथी. चार दिवसांची घाई त्याला कितीला पडली याचा हिशेब करा. ताजी प्लेट हाडाला फक्त जागेवर धरून ठेवते. भार हाडाने घ्यायचा असतो आणि त्यासाठी हाड आधी जुळून यावे लागते. तोवर सगळा ताण धातूवर येतो, आणि तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते तशी प्लेटही तुटते.

आणि आजची मंडळी नाजूक म्हणाल, तर लान्स स्ट्रोल २०२३ साली मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर १२ दिवसांनी बहारीनला उतरला आणि सहावा आला. मला तेही पटलेले नाही, पण त्याला नाजूक म्हणता येणार नाही.

पहिली रांग:
ताई, मार्केझने २०२५ मध्ये पुन्हा जगज्जेतेपद मिळवले, ते आपण सोयीस्करपणे गाळलेत. जो घाई करतो तो संपतोच, असे त्यातून सिद्ध होत नाही.

सांधेजोड:
गाळले नाही, तिथवर आले नव्हते. २०१९ नंतर त्याचे पुढचे जगज्जेतेपद २०२५ चे. मधली सहा वर्षे ऐन उमेदीची होती. तो परतला ही त्याची जिद्द आहे आणि मी तिला हात जोडते, पण त्या जिद्दीचा केवढा तरी भाग दंड सावरण्यातच गेला.

घाटवळण:
मला मोठ्या नावांतले फारसे कळत नाही, घरातले सांगतो. माझा थोरला भाऊ पुण्याकडे डर्ट ट्रॅकवर मोटारसायकल चालवत असे. कॉलरबोन मोडले, प्लेट बसली, डॉक्टरांनी दहा आठवडे सांगितले. चौथ्या आठवड्यात एक शर्यत होती. आयोजकांनी एका कागदावर सही मागितली आणि तेवढ्यावर त्याला सोडले. कोणी शर्ट काढून खांदा पाहिला नाही, हात वर करायला सांगितला नाही. तिसऱ्या उडीला तो हँडलवर दाबला गेला आणि प्लेट वाकली. आज त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला खांद्यावर बसवायचे असले की तो मला हाक मारतो.

‘निर्णय त्याचा होता’ असे कोणी म्हटले की मला तो कागद आठवतो. सही त्याचीच होती, हे खरे आहे. पण शर्यत हातची जाईल, प्रायोजक दुसऱ्याला धरेल, मित्र काय म्हणतील, हे सगळे त्या पेनाला धरून बसले होते. अशा माणसाला विचारून काय उपयोग? तो हो म्हणणारच.

पहिली रांग:
आपल्या भावाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. परंतु एका बेजबाबदार आयोजकाचा राग आपण संपूर्ण विचारावर काढत आहात. सज्ञान माणसाला स्वतःच्या शरीराविषयी ठरवता येत नसेल तर मग त्याने घराबाहेर तरी का पडावे? गिर्यारोहक जातात, त्यांना कोणी अडवत नाही. आणि सर्वांनी मिळून माझ्यावर असे तुटून पडू नये, मी काही कोणाची हाडे मोडलेली नाहीत.

घाटवळण:
हाडे मोडली नाहीत, पण मोडलेल्या हाडांनिशी धावणाऱ्यांना वीर म्हणून टाळ्या तुम्हीच वाजवता. माझ्या भावाने त्याच टाळ्या ऐकल्या होत्या.

सांधेजोड:
दोघांनीही थोडे सबुरीने घ्यावे. गिर्यारोहक आणि शर्यतीचा चालक यांत एक मोठा फरक आहे. चालकाचा हात ऐनवेळी सुटला तर गाडी शेजारच्याच्या अंगावर जाते, म्हणून प्रश्न एकट्याच्या शरीराचा राहत नाही. फॉर्म्युला वनमध्ये दुखापतीनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि तिथे नकारही मिळतो. २०१६ साली मेलबर्नच्या अपघातानंतर फर्नांडो अलोन्सोची फासळी मोडलेली निघाली. बहारीनला तो उतरायला तयार होता, डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. त्याच्या जागी स्टोफेल व्हानडूर्न बसला आणि दहावा आला. अलोन्सो चिडला असेल, पण चीनच्या शर्यतीला तो परत आला.

मिका हॅकिनेनचेही सांगते, कारण त्याच्या धीराविषयी कोणी लिहीत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये ॲडलेडला त्याच्या कवटीला तडा गेला, श्वास चालू राहावा म्हणून ट्रॅकशेजारीच गळ्याला छेद द्यावा लागला. हिवाळाभर उपचार घेऊन तो पुढच्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीला परतला, आणि १९९८ व १९९९ असा दोनदा जगज्जेता झाला. त्याच्या वाट्याला मोसमाच्या अखेरीचा अपघात आला म्हणून त्याला ते महिने मिळाले. लाउडाला ते मिळाले नाहीत, कारण गुणांची शर्यत चालू होती. घाई शरीर ठरवत नाही, वेळापत्रक ठरवते, हे माझे म्हणणे आहे.

तिसरा गिअर:
धागा माझा असल्याने थोडे मूळ मुद्द्याकडे येतो. लाउडा धोक्याचा पुरस्कर्ता होता, असा समज वरच्या चर्चेतून होऊ नये. न्युर्बुर्गरिंगच्या त्या शर्यतीपूर्वी चालकांच्या बैठकीत ‘इथे धावू नये’ हा प्रस्ताव त्यानेच मांडला होता. जवळजवळ २३ किलोमीटरचा तो ट्रॅक, एवढ्या लांबीवर पुरेसे मार्शल नाहीत, आग विझवण्याची सोय नाही, हेच त्याचे कारण होते. बहुमत विरुद्ध गेले. पुढे त्याला गाडीतून बाहेर काढले ते इतर चालकांनी. आर्तुरो मेर्झारियोने आगीत हात घालून पट्टे सोडवले. माझ्यासारखा कोणीतरी तिथे हवा होता आणि नव्हता. फॉर्म्युला वन पुन्हा त्या लांब ट्रॅकवर गेली नाही.

हेलोविषयीही प्रामाणिकपणे सांगतो की तो सर्व रोगांवरचे औषध नाही. २०१४ साली जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालक ज्यूल बियांकी पावसात घसरून दुसरी गाडी उचलणाऱ्या क्रेनवर आदळला आणि पुढच्या जुलैत गेला. त्या आघातापुढे कॉकपिटवरच्या कुठल्याही कमानीने फारसे काही केले नसते. क्रेन ट्रॅकच्या कडेला असताना गाड्यांचा वेग सक्तीने उतरवणे हाच तिथला उपाय, आणि पुढच्या वर्षी तो आला. पण २०१८ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर अलोन्सोची गाडी उडून शार्ल लक्लेअरच्या कॉकपिटवरून गेली तेव्हा टायरचे वळ हेलोवर उमटले. लक्लेअर बियांकीला धर्मपित्यासारखा मानत असे. डोळ्यांना खुपणाऱ्या त्या सुमारे ७ किलो टायटॅनियमकडे मला त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

पहिली रांग:
लाउडाच्या त्या प्रस्तावाचा मला विसर पडला होता, हे मान्य करतो. हेलो राहू द्या, तो जाणार नाही हे मलाही दिसते. वाळू मात्र परत आणा. वाळूने कोणाचा जीव जात नाही आणि चुकीची शिक्षा मिळते.

तिसरा गिअर:
वाळूत गाडी आडवी घुसली तर कोलांट्या खाते, म्हणून सगळीकडे वाळू नको. हळू वळणांवर असावी, याला माझी हरकत नाही.

शनिवारची पिट:
बराच वेळ नुसती वाचत होते. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि दर शनिवारी कार्टिंगला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या सर्किटवर मोटारसायकलच्या शर्यतीत १३ वर्षांचा एक मुलगा गेला, तेव्हा मी दोन महिने त्याला ट्रॅकवर सोडले नाही. नंतर सोडले, कारण रात्री उशीखाली हातमोजे घेऊन झोपणाऱ्या मुलाला किती दिवस नाही म्हणणार.

गेल्या पावसाळ्यात त्याचे मनगट मुरगळले. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. दोन आठवड्यांनी तो माझ्यापुढे मूठ आवळून म्हणाला, ‘बघ, दुखत नाही.’ मी त्याला दाराची कडी फिरवायला सांगितली. त्याने फिरवली, तोंडातून आवाज काढला नाही, पण डावा खांदा वर आला. मी जाऊ दिले नाही आणि तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. ‘पहिली रांग’ यांना मला एवढेच विचारायचे आहे की सज्ञान माणसाच्या निर्णयाविषयी आपण जे लिहिले ते माझ्या मुलाला कोणत्या वर्षापासून लागू होते? दुखणे लपवायची ती सवय अठराव्या वाढदिवसाला बदलते का?

सांधेजोड:
कडी फिरवायला लावणे ही अगदी योग्य परीक्षा होती. खांदा उचलला याचा अर्थ मनगट चोरले.

पहिली रांग:
मला नातू आहे, नऊ वर्षांचा. आपला प्रश्न काल रात्री वाचला आणि उत्तर लिहायला आज दुपार झाली. मुलांच्या बाबतीत, आणि दुखापतीनंतर परतण्याच्या परवानगीच्या बाबतीत, डॉक्टरचा शब्द अखेरचा असावा, एवढे मी मान्य करतो. घाटवळण, आपल्या भावाच्या त्या कागदाविषयी मी जरा घाईने बोललो. ‘नाजूक’ हा शब्दही मागे घेतो. मोंझाचा तो चौथा क्रमांक मात्र माझ्याकडून कोणी काढून घेऊ नये. त्या संध्याकाळी तो माणूस हेल्मेट काढताना जखमेला चिकटलेली पट्टीही ओढली जात होती, आणि आयुष्यात मला जेव्हा जेव्हा अंथरुणावरून उठवत नव्हते, तेव्हा मी त्यालाच आठवून उठलो आहे.